कानावर आधी काय पडलं?



 

एक विनंती आधीच करतो. हा लेख घरच्या ग्रुपवर नुसता पुढे ढकलू नका. रात्री जेवणं झाली की घरात कुणीतरी मोठ्यानं वाचा आणि बाकीच्यांनी ऐका. विषयच ऐकण्याचा आहे, म्हणून म्हणतोय.

मागच्या गुरुवारी सत्संग संपल्यावर प्रसाद वाटताना एका माउलीनं विषय काढला. त्यांचा नातू पुण्याला इंजिनिअरिंगला आहे. सुटीत आला, भजनाला बसला, आणि दहाव्या मिनिटाला कानात वायरी घालून ओसरीवर जाऊन बसला. त्या म्हणाल्या, "आमच्या घरात चार पिढ्यांचं भजन आहे, मग ह्याच्याच कानाला ते गोड का लागंना?" त्यावर दुसऱ्या एक ताई पटकन म्हणाल्या, "आजकालच्या पोरांना चवच नाही." सगळ्यांनी माना डोलावल्या. पण घरी येताना आमचं आपसात बोलणं झालं, की हे उत्तर फार सोपं झालं. चव काय आकाशातून पडते का? जिभेची चव जशी आईच्या हातच्या भाकरी-आमटीनं ठरते, तशी कानाची चवही कुठंतरी, कुणाच्या तरी मांडीवर ठरत असणार. त्या नातवाच्या लहानपणी त्याच्या कानावर काय पडलं होतं, हे मात्र कुणीच विचारलं नाही.

सद्गुरु माउली संस्कारावर बोलतात तेव्हा पोथीतल्या प्रह्लादाची गोष्ट हमखास सांगतात. भागवताच्या सातव्या स्कंधात ती आहे. हिरण्यकशिपू तपाला गेलेला, कयाधू नारदांच्या आश्रमात राहिलेली, आणि पोटातलं बाळ नारदांचा उपदेश ऐकतंय. पुढे आईला त्यातलं आठवेना, पण लेकराला सगळं आठवलं. लहानपणी ही गोष्ट ऐकताना आपल्याला ती चमत्काराची वाटायची. आता तिच्याकडं जरा वेगळ्या नजरेनं बघू या. बाळाचे कान साधारण सहाव्या महिन्यापासून ऐकू लागतात, असं डॉक्टर सांगतात. शब्द नीट पोचत नाहीत, पण आवाजाचा चढउतार आणि लय पोचते. १९८० मध्ये अमेरिकेत डीकास्पर आणि फायफर ह्या दोघांनी तीन दिवसांच्या आतल्या बाळांवर प्रयोग केला. बाळानं चोखणी एका ठरावीक लयीत चोखली तर आईचा आवाज लागायचा, दुसऱ्या लयीत चोखली तर परक्या बाईचा. एवढीएवढी लेकरं, पण आईचा आवाज लागावा म्हणून चोखायची लय बदलत होती! त्याच दशकात बेलफास्टच्या हेपर ह्या संशोधकांनी पाहिलं, की ज्या आया गरोदरपणात टीव्हीवरची एक मालिका रोज बघायच्या, त्यांची नुकती जन्मलेली बाळं त्या मालिकेचं शीर्षकगीत लागलं की शांत होत. मालिका कसली होती हे बाजूला ठेवू. लेकरानं सूर ओळखला, एवढं खरं.

पण त्या प्रयोगातली पुढची गोष्ट आम्हाला जास्त मोलाची वाटली. जन्मल्यावर ते गाणं पुन्हा कानावर आलंच नाही, तर तीन आठवड्यांत ती ओळख दिसेनाशी झाली. म्हणजे सातव्या महिन्यात गर्भसंस्काराची सीडी लावली आणि बारशानंतर घरात फक्त सासू-सुनेचे वाद ऐकू आले, तर त्या सीडीचा काय उपयोग? आमच्या ओळखीच्या दोन-तीन घरांत असंच चालू आहे. पैसे देऊन वर्ग लावतात आणि घरात गुणगुणायला कुणाला वेळ नसतो.

आता तालाचं बघा. आपल्याकडं लेकरू उभं राहायच्या आधी टाळ्या वाजवायला शिकतं, आरतीच्या टाळ्या. २००५ मध्ये हॅनन आणि ट्रेहब ह्या दोघी संशोधक बायांनी छान काम केलं. बल्गेरिया, उत्तर मॅसिडोनिया ह्या देशांत सात-सात मात्रांचे, आखूड-लांब ठोक्यांचे ताल गावोगावी नाचात वाजतात. अमेरिकेतल्या मोठ्या माणसांना त्या तालातली चूक ऐकू येत नाही, कारण त्यांच्या कानाला सरळ, सारख्या ठोक्यांची सवय. पण तिथल्याच सहा महिन्यांच्या बाळाला दोन्ही तालांतली चूक कळते. वर्षाचं झालं की तेही मोठ्यांसारखं होतं, आपल्या घरचं तेवढं कळतं आणि बाकीचं सुटतं. मग त्या वर्षाच्या लेकरांना दोन आठवडे घरी ते परके ताल ऐकवले, तर कान पुन्हा उघडला. मोठ्यांना तेवढंच ऐकवलं तरी त्यांच्यात तसा फरक पडला नाही.

म्हणजे जन्मताना कान सगळ्या जगाचा असतो. वर्षभरात तो घरचा होतो.

हे वाचलं आणि आपली बारशाची रीत डोळ्यासमोर आली. पाळण्याजवळ आत्या वाकते, लेकराच्या कानात कुर्रर्र करते आणि नाव सांगते. पाठीवर धपाटे पडतात, बाया हसतात, पाळणा म्हणतात. आपल्या शेजारच्या मुसलमान घरांत बाळाच्या कानात अजान देतात. दोन्हीकडं आधी कान. डोळ्याला काजळ मागून लागतं.

बिदर-कलबुर्गीच्या ह्या पट्ट्यात राहणाऱ्यांना तर कानाच्या बाबतीत देवानं भरभरून दिलंय, फक्त आपल्याला त्याची किंमत नाही. मुडबीहून एकीकडं बसवकल्याण, दुसरीकडं कलबुर्गी. सकाळी काकडआरती मराठीत, शेजारच्या घरात वचनं कन्नडमध्ये, मोहरमात पंजे बसले की रिवायत पदं, आणि त्या गाणाऱ्यांत निम्मे हिंदू. रात्री कुठं तत्त्वपदांची बैठक, त्यात कडकोळच्या मडिवाळप्पांची पदं. पंढरीला दिंडी निघाली की हलगीवाला वेशीपर्यंत सोबत. कलबुर्गीला ख्वाजा बंदेनवाजांच्या दर्ग्यात कव्वाली. आमच्या पिढीतल्या बायांना विचारा, ह्यातलं कुठलं कुणाचं हे लहानपणी माहीतच नव्हतं. सगळं आपलंच वाटायचं.

आणि हे आजचं नाही. आपल्या तालुक्याचं गाव बसवकल्याण, म्हणजे जुनं कल्याण, चालुक्यांची राजधानी. तिथल्या सोमेश्वर तिसरा ह्या राजानं इ.स. ११२९ च्या सुमारास 'मानसोल्लास' नावाचा मोठा संस्कृत ग्रंथ केला. त्यात राज्यकारभारापासून जेवणापर्यंत सगळं आहे, आणि गाण्यावरही लिहिलंय. त्यात एक बारीकशी नोंद येते, की महाराष्ट्रातल्या बाया कांडण करताना ओवी गातात. विचार करा! राजदरबारात मोठमोठे गवई असणार, पण राजाला उखळापाशी बसलेल्या बाईचं गाणं लिहून ठेवावंसं वाटलं. तिचं नाव नाही त्यात, पण तिची ओवी आहे. ज्ञानेश्वर माउलींनी ज्ञानेश्वरी ओवीत सांगितली ती ह्याच्यानंतर, इ.स. १२९० मध्ये. म्हणजे आधी बायांच्या तोंडी ओवी होती, मग ती ग्रंथात गेली. ज्या सुरात आईनं दळण दळलं, त्याच नावाच्या छंदात माउलींनी गीता सांगितली, म्हणून तर ती घराघरात शिरली असं आम्हाला वाटतं.

आणि नुसती आपलीच नव्हे. विजापूरकडच्या सूफी परंपरेत दखनी भाषेत चक्कीनामे आहेत, म्हणजे जात्यावर म्हणायची गाणी, त्यात अल्लाचं नाव आणि पीराची आठवण. दळणारी बाई दळता दळता गाईल आणि मांडीवरचं लेकरू ऐकेल, हे त्यांनाही कळलं होतं. जातं हिंदूचं असो की मुसलमानाचं, लेकरू त्याच्याच घरघरीत झोपायचं.

मग गावात पिठाची गिरणी आली. बायांची कंबर वाचली, ते चांगलंच झालं. पहाटे चारला उठून पायली-पायली दळणाऱ्या आमच्या आज्यांना विचारलं असतं, तर त्यांनी गिरणीवाल्याला आधी आशीर्वाद दिला असता! तेव्हा जुनं ते सोनं म्हणून आम्ही गळा काढणार नाही. पण जात्याबरोबर ओवी गेली, आणि ओवीबरोबर लेकराच्या कानावर रोज पहाटे पडणारा आईचा सूर गेला. त्या जागी काय आणायचं ह्याचा विचार कुणीच केला नाही. गी पॉयटव्हँ आणि हेमा राईरकर ह्यांनी महाराष्ट्रातल्या खेड्याखेड्यांत जाऊन एक लाखाच्या वर ओव्या गोळा केल्या. एक लाख! ह्या बहुतेक लिहिता-वाचता न येणाऱ्या बायांच्या. त्या बायांनी कुठं क्लास लावला नव्हता. आईच्या शेजारी बसून ऐकलं, एवढंच.

आता पंडित भीमसेन जोशींचं बघू, कारण ते आपल्या कर्नाटकातलेच आणि आपल्यासारखेच दोन्हीकडचे. १९२२ साली धारवाडकडच्या भागात, गदगच्या जोश्यांच्या घरी जन्म. घरची भाषा कन्नड, वडील शिक्षक. हा पोरगा एवढासा असताना रस्त्यानं भजनी मंडळ किंवा बँड चालला की त्याच्या मागं मागं जायचा, आणि दमला की कुठंतरी झोपून जायचा. लोकांना पोर कुणाचं कळेना. शेवटी वडिलांनी त्याच्या सदऱ्यांवर 'जोशी मास्तरांचा मुलगा' असं लिहून ठेवलं म्हणे, म्हणजे सापडलं की कुणीतरी घरी आणून सोडेल. मग एकदा त्यानं अब्दुल करीम खाँसाहेबांची रेकॉर्ड ऐकली आणि तो सूर कानात असा बसला, की १९३३ साली अकराव्या वर्षी घर सोडून गुरू शोधायला निघाला. फिरून फिरून अखेर कुंदगोळला सवाई गंधर्वांच्या पायाशी आला. सवाई गंधर्व कुणाचे शिष्य? त्याच अब्दुल करीम खाँचे. रेकॉर्डमधल्या आवाजानं पोराला स्वतःच्याच घरात आणून सोडलं म्हणायचं. पुढं त्यांनी मराठी अभंगांची संतवाणी गाजवली आणि कन्नड दासवाणीही तेवढ्याच ओढीनं गायली. २००८ मध्ये भारतरत्न जाहीर झालं. दोन भाषांतला विठ्ठल एकाच गळ्यात कसा राहिला, ह्याचं उत्तर त्या भजनी मंडळाच्या मागं चालणाऱ्या पोरापाशी आहे.

इथं थोडं थांबून त्या वडिलांकडं बघा. पोरगं भजनामागं पळतं म्हणून त्यांनी त्याला खांबाला बांधलं नाही, सदऱ्यावर नाव लिहिलं. आपण काय करतो? भजनाला बस म्हणून पोराला बखोटीला धरून आणतो. मध्ये हललं की डोळे वटारतो. शेजारच्या काकू बघतायत म्हणून चिमटा काढतो. त्या पोराच्या कानात भजन जातं, पण चिमट्यासकट जातं. वीस वर्षांनी टाळ वाजला की त्याला विठ्ठल आठवेल का चिमटा? ज्या माउलीनं नातवाची तक्रार केली, त्यांनी आपल्या मुलाला, म्हणजे त्या नातवाच्या बापाला, लहानपणी कसं बसवलं होतं तेही एकदा आठवून बघावं. राग मानू नये, आम्ही सगळ्याच ह्या घरातल्या.

बापाचा संबंध काय, असं वाटेल. तर आहे. २०१३ मध्ये अमेरिकेत क्रुमहान्सल आणि झुपनिक ह्यांनी वीस वर्षांच्या आसपासच्या पोरांना जुन्या-नव्या काळातली गाणी ऐकवून विचारलं, कुठली ओळखीची, कुठली आवडतात. आपल्या वयाची तर आवडलीच. पण ज्या काळात त्यांचे आईबाप तरुण होते त्या काळातल्या गाण्यांनाही ती पोरं तशीच भुलली, आणि आजी-आजोबांच्या काळातल्या गाण्यांनाही थोडी. कारण ती गाणी घरात, गाडीत वाजत होती. आईबापांना जे मनापासून आवडतं ते लेकराच्या कानात आपोआप झिरपतं. दाखवायला लावलेलं झिरपत नाही. लेकरू फार हुशार असतं, आई आरतीला उभी आहे पण तिचं लक्ष कुकरच्या शिट्टीकडं आहे, हे त्याला कळतं.

आमच्या पिढीला हे पटायला वेळ लागणार नाही. १९८७ साली रविवारी सकाळी टीव्हीवर रामायण लागायचं. आम्ही तेव्हा शाळा-कॉलेजात. ज्याच्या घरी टीव्ही त्याच्या घरी निम्मी गल्ली. रवींद्र जैनांचा आवाज सुरू झाला की पायातल्या चपला दाराबाहेर निघायच्या. आजही तो सूर कुठं ऐकू आला की हात जोडले जातात, आणि त्यात भक्ती किती आणि त्या रविवारची आठवण किती, हे आम्हालाच सांगता येणार नाही. त्याच्या आधीच्या पिढीला १९५५ साली पुणे आकाशवाणीवर सुरू झालेलं गीतरामायण तसं. गदिमा आणि सुधीर फडक्यांनी वर्षभर दर आठवड्याला एक गाणं दिलं, छप्पन्न गाणी झाली. आणि आमच्या घरी प्रल्हाद शिंदेंची कॅसेट घासून घासून तिची फीत बाहेर यायची, मग ती पेन्सिलीनं गुंडाळायची. खरं सांगायचं तर सिनेमाची गाणीही तेवढीच ऐकली, उगीच सोवळं दाखवण्यात अर्थ नाही.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला घेतला तिच्याकडं येतो. नाव-गाव सांगणार नाही. आपल्या सत्संगातलंच एक घर आहे. मराठी घर, घरात रोज हरिपाठ. सून आली ती हुमनाबादकडच्या कन्नड घरातली. गोड गळ्याची पोरगी, काम करता करता वचन गुणगुणायची. तिच्या आईनं म्हणलेली, अज्जीनं म्हणलेली. दिवस गेले तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "आता ते बंद कर. आपल्या घरात लेकराच्या कानावर अभंग पडू दे." मनात वाईट काही नव्हतं, लेकराचं भलंच बघत होत्या. सून बिचारी "बरं आत्याबाई" म्हणाली आणि गुणगुणायचंच थांबली. अभंग तिला येत नव्हते, जे येत होतं ते म्हणायचं नव्हतं. लेकरू झालं. पाळण्यापाशी मोबाइल ठेवून त्यावर मराठी अंगाई लावायची. लेकरू रडायचं, सून आवाज वाढवायची.

पुढं तिची आई पाचव्या महिन्यात भेटायला आली. लेकराला मांडीवर घेऊन बसली आणि सहज जोगुळ म्हणायला लागली, म्हणजे आपल्या भाषेत अंगाई. लेकरू तिच्या तोंडाकडं बघत राहिलं. आणि सून आतल्या खोलीत जाऊन रडली. सासूबाईंनी ते पाहिलं. आमच्याकडं येऊन त्या म्हणाल्या, "मी तिला रडवलं का गं?" ह्याचं उत्तर आम्ही काय देणार? त्या घरात अजून सगळं सुरळीत झालंय असं नाही. मोठ्या जावेचं म्हणणं, दोन भाषांत पोर गोंधळेल. पण सासूबाई आता रात्री सुनेला विचारतात, ह्या वचनाचा अर्थ काय, ह्या ओळीत देव कुठला. आणि सून सांगते.

मायांनो, हे एका घरचं नाही. ह्या पट्ट्यात किती घरांत मराठी सून कन्नड घरात, कन्नड सून मराठी घरात, तेलुगू सून दोन्हीकडं आहे. लग्नात आपण तिचं नाव बदलतो, कुंकवाची तऱ्हा बदलतो. तिच्या गळ्यातलं गाणं तरी तिचं राहू द्या. आईच्या पोटात असल्यापासून तिच्या कानात जे साठलं ते तिला आहेरात आलेलं आहे. सोन्याची पाटली आणली तर आपण चार जणींना दाखवतो, आणि गाणं आणलं तर गप्प कर म्हणतो? बाळ आधी आईचा आवाज ओळखतं, भाषा मागून शिकतं. आई ज्या सुरात मोकळी आहे त्याच सुरात त्याला देव सापडेल. अवघडून म्हटलेल्या अभंगापेक्षा जीव लावून म्हटलेलं वचन तुकोबांनाही आवडलं असतं असं आम्हाला वाटतं.

हे काही आम्ही नवीन सांगत नाही. इथून जवळच हुमनाबादपाशी माणिकनगर आहे. १८१७ साली लाडवंतीला जन्मलेल्या माणिक प्रभूंनी मराठीत, कन्नडमध्ये, हिंदीत पदं केली. दरबारात जो ज्या भाषेचा येईल त्याला त्याच्या भाषेत देव भेटावा, अशी ती सोय. सगळी मतं खरी मानणारा त्यांचा सकलमत संप्रदाय. आपले गुरू वेगळे, परंपरा वेगळी, पण शेजारच्या घरातला दिवा दिसत असेल तर दिसतो म्हणावं.

आणखी एक बाजू आहे, ती सांगितल्याशिवाय हे पुरं होणार नाही. लहानपणीचा सूर गोड लागतो, पण गोड लागतो म्हणून तोच खरा, असं नाही. बोलिव्हियाच्या जंगलात त्सिमाने नावाचे लोक राहतात. २०१६ मध्ये मॅकडर्मट ह्या संशोधकानं त्यांना एकमेकांत जुळणारे स्वर आणि कर्कश भिडणारे स्वर दोन्ही ऐकवले. पाश्चात्त्य संगीत ऐकून वाढलेल्यांना दुसरे स्वर टोचतात. त्सिमाने लोकांना दोन्ही सारखेच बरे वाटले. म्हणजे आपण ज्याला बेसूर म्हणून कपाळाला आठ्या घालतो, त्यातलं पुष्कळसं आपल्या सवयीचं असतं. सद्गुरु माउली वारंवार बजावतात की आवड-नावड हा मनाचा खेळ आहे, साधकानं तिच्याकडं लांबून बघायला शिकावं. आमची चाल शुद्ध, त्यांची चाल उथळ. आमच्या वेळची गाणी अर्थाची, आताचा नुसता धिंगाणा. असं म्हणताना आपण देवाची बाजू घेत नसतो, आपल्या बालपणाची घेत असतो. भजनी मंडळातसुद्धा ह्या चालीवरून की त्या चालीवरून किती रुसवेफुगवे होतात, ते सगळ्यांना माहीत आहे. (गणपतीतला डीजे मात्र वेगळा. त्यानं छाती हादरते, पाळण्यातली लेकरं दचकतात. तो चवीचा प्रश्न नाही, आवाज कमीच करायला हवा.)

आणि कान म्हातारपणीही उघडतो, फक्त मनावर घ्यावं लागतं. कुमार गंधर्वांचं उदाहरण आहे. बेळगावजवळ सुळेभावीला १९२४ साली कन्नड घरात जन्म. लहानपणी मोठमोठ्या गवयांच्या रेकॉर्डी ऐकून हुबेहूब गायचे. मग पंचविशीच्या आत क्षयाचा आजार झाला, हवापालटासाठी माळव्यात देवासला गेले. गाणं बंद, काही वर्षं अंथरुणावर. पडल्या पडल्या कानावर काय पडलं, तर माळव्यातल्या बायांची लोकगीतं आणि नाथपंथी जोग्यांची निर्गुणी भजनं. लहानपणी कधी न ऐकलेली. तीच पुढं त्यांच्या गाण्यात आली आणि कबीर घराघरात पोचला. तेव्हा ज्यांच्या लहानपणी घरात गाणंच नव्हतं, घरात फक्त भांडणं किंवा मुकेपणा होता, त्यांनी आपलं गेलं असं समजू नये. आमच्यातल्या दोघी चाळिशीनंतर टाळ धरायला शिकल्या. एक अजून मध्येच चुकते, आम्ही तिच्यासाठी थांबतो.

शेवटी म्हातारपण. आपल्या एका गुरुभगिनीच्या आई, वय ऐंशीच्या पुढं, आता पोटच्या पोरांना ओळखत नाहीत. जेवले का नाही आठवत नाही. पण संध्याकाळी हरिपाठ सुरू झाला की ओठ हलायला लागतात, आणि कुठं कुणी गाळलं तर त्या न गाळता पुढं म्हणतात. विसरण्याच्या आजारात मेंदूतली गाण्याची जागा बाकीच्यांपेक्षा जास्त दिवस शाबूत राहते, असं २०१५ मधल्या एका अभ्यासात दिसून आलंय. त्यांना तो हरिपाठ कुणी शिकवला? त्यांच्या आजोबांनी, शेतातल्या माचाणीवर बसून, पाखरं हाकताना. आजोबांना जाऊन सत्तर वर्षं झाली असतील. पुढं कधीकाळी आपली लेकरं त्या वयाला पोचतील, तेव्हा त्यांच्या ओठांवर काय येईल? कुठल्या तरी साबणाची जाहिरात का?

म्हणून ह्या महिन्याची सेवा अशी ठरवली आहे.

आपापल्या घरात जी सगळ्यात वयस्कर बाई असेल, आजी, अज्जी, नानी, कुणीही, तिच्याजवळ बसा. तिच्या आईनं म्हटलेलं एक गाणं म्हणायला सांगा. ओवी, पाळणा, जोगुळ, वचन, बतकम्माचं पद, चक्कीनामा, काहीही चालेल. ती आधी "मला काय येतंय" म्हणेल. थांबा. चहा द्या. मग म्हणेल. मोबाइलवर तेवढं टिपून घ्या आणि घरच्या ग्रुपवर टाका. आवाज थरथरला, मध्ये खोकला आला, तरी कापू नका. ज्या सुना दुसऱ्या भाषेच्या घरातून आल्या, त्यांनी आपल्या आईला फोन लावून तिच्याकडून घ्यावं, आणि सासूबाईंनी ते ऐकावं. पाळण्यातल्या लेकरापाशी मोबाइल न ठेवता रात्री एक तरी गाणं आपल्या तोंडानं म्हणावं. गळा नाही ही सबब चालणार नाही, बाळाला गळ्याची पारख नसते, माणसाची असते.

आणि त्या पुण्याच्या नातवालाही निरोप द्या. पुढच्या सुटीत आला की कानातल्या वायरीतलं त्याचं एक गाणं त्यानं आम्हाला ऐकवावं. आम्ही पूर्ण ऐकू, मध्ये उठणार नाही. मग आमचं एक त्यानं ऐकावं.

येत्या गुरुवारी सत्संग नेहमीच्या वेळी, संध्याकाळी. भजनानंतर ज्यांनी गाणी टिपली असतील त्यांनी ती सर्वांना ऐकवायची आहेत. मोबाइल चार्ज करून आणा, गावात लाइटचा भरवसा नाही. लहान लेकरांना घेऊन या. त्यांनी गडबड केली तर करू द्या. प्रसादाला ह्या वेळी हुग्गी आहे, घरटी एक वाटी गहू बुधवारपर्यंत पोचवावेत.

जय गुरुदेव 🙏

आपल्या नम्र,
मुडबीच्या सेविका